पोटातल्या बाळाची फिल्म दाखवताना: आधी मदतीची सोय, मग पडदा

वसई तालुक्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये, लग्नपूर्व शिबिरांत आणि महिला मंडळांत गर्भातल्या बाळाच्या वाढीवरची फिल्म दाखवण्याचं काम आमचा कुटुंब गट गेली काही वर्षं करतोय. इतर धर्मग्रामांतून (पॅरिशांतून) मला फोन येतात ते बहुतेक कार्यक्रम उरकल्यावर. "ताई, फिल्म छान झाली, बायका रडल्या, पण नंतर कोणी भेटायलाच आलं नाही." मी विचारते, भेटायचं कुणाला हे सांगितलं होतं का? पलीकडे सगळं शांत.

चूक क्रमात होते. आधी प्रोजेक्टर ठरतो, मग तारीख, मग वक्ता. अडलेल्या बाईच्या हातात काय द्यायचं, हे शेवटी सुचतं किंवा सुचतच नाही. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. हाताशी किमान सहा आठवडे ठेवा.

पायरी १: मदतीची वही (पहिले तीन आठवडे)

फिल्म संपते, खुर्च्या सरकतात, आणि एखादी मुलगी मागच्या दाराशी घुटमळते. "ताई, दोन महिने पाळी आली नाही. घरी कुणाला ठाऊक नाही." त्या क्षणी तुमच्यापाशी प्रार्थनेचं कार्ड सोडून काय आहे? म्हणून शंभर पानी वही घ्या आणि पुढची पानं भरल्याशिवाय तारीख ठरवू नका.

डॉक्टर. दोन दिवसांच्या आत वेळ देईल, ओरडणार नाही आणि लग्न झालंय का हे पहिल्याच वाक्यात विचारणार नाही अशी स्त्रीरोगतज्ज्ञ शोधा. प्रत्यक्ष जाऊन बोला. "पाठवा हो" एवढ्यावर परत येऊ नका. कोणत्या वारी, किती वाजता, फी किती, आणि फी नसेल तर कोण भरणार, हे वहीत उतरवा.

सरकारी सोय. जवळचं आरोग्य उपकेंद्र आणि तिथल्या आशाताईंचा नंबर लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे आणि तरी निम्म्या लोकांना ती माहीत नसते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला हप्त्यांनी ५,००० रुपये मिळतात, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. कागद काय लागतात ते आशाताईंकडून आधीच लिहून घ्या.

पैसा आणि निवारा. "आम्ही पाठीशी आहोत" हे वाक्य बोलायचं असेल तर त्यामागे रक्कम हवी. आमच्या गटात दहा घरं महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढतात. ती सोनोग्राफी, औषधं आणि रिक्षाभाड्याला पुरते. घरातून बाहेर काढलेल्या मुलीला कुठे ठेवता येईल, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना विचारून ठेवा. जागा किती आणि किती दिवस, याचं खरं उत्तर घ्या.

मन आणि सुरक्षितता. मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीची रुग्णवाहिका १०८. सासरचे पोट खाली करायला लावत असतील तर हे लक्षात असू द्या की बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गंभीर गुन्हा आहे. हे कलम पाठ असलेली एक तरी व्यक्ती गटात हवी.

मूल वाढवणं शक्यच नसेल तर. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे आई बाळाला बाल कल्याण समितीपुढे स्वाधीन करू शकते. त्यानंतर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. जिल्ह्याच्या समितीचा पत्ता आणि बैठकीचे वार वहीत हवेत.

इशारा: "आमच्या ओळखीत मूल नसलेलं एक चांगलं जोडपं आहे" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते, आणि चांगल्या मनाच्या माणसांकडूनच ऐकते. कायद्याची प्रक्रिया टाळून बाळ असं परस्पर देणं बेकायदा आहे. पुढे त्या बाळाचेच हाल होतात. रस्ता समितीचाच धरा.

इशारा: एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, जास्त रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर बोलणं थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात आईचा जीव जातो. कुणी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेतल्या असतील तरी हेच करा. आधी हॉस्पिटल. का घेतल्या, कुणी आणून दिल्या, हे त्या दिवशी विचारायचं नाही.

तपासणी: वहीतला प्रत्येक खासगी नंबर रात्री नऊ वाजता लावून बघा. जो उचलला जात नाही तो खोडा. मुली दुपारी फोन करत नाहीत. घरातले झोपल्यावर करतात.

पायरी २: बोलवायचं कुणाला, आणि काय सांगून

एकच फिल्म सगळ्यांना एकत्र दाखवू नका. लग्न ठरलेली जोडपी, दहावीच्या धर्मशिक्षण वर्गातली मुलं, आईपण भोगून झालेल्या बायका आणि बचत गटातल्या सर्व धर्मांच्या भगिनी यांचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांच्या जखमाही वेगळ्या असतात. पहिल्यांदाच करत असाल तर लग्नपूर्व शिबिरापासून सुरुवात करा. नवरा होणारा शेजारी बसलेला असतो, आणि दिवस राहिल्यावर घरात जो निर्णय होतो त्यात त्याचा शब्द फार मोठा असतो.

शाळेतल्या मुलांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या. फॉर्मवर फिल्मचा विषय स्पष्ट लिहा, "मूल्यशिक्षण" असा मोघम शब्द नको. आणि १८ वर्षांखालच्या मुलीला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. वचन देऊन मोडलं तर ती पुन्हा कुणाही मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही. "तुला एकटीला सोडणार नाही" एवढं वचन द्या. ते पाळता येतं.

निमंत्रणात आपण कोण हे सांगा. आरोग्य शिबिर म्हणून बायकांना बोलवायचं आणि आत गेल्यावर गर्भपाताविरुद्धचं भाषण सुरू करायचं, असं मी होताना पाहिलंय. त्यात फसवणूक आहे, आणि त्या गावात परत कुणी दार उघडत नाही. आमच्या पत्रकावर सरळ लिहिलेलं असतं: "चर्चच्या कुटुंब गटातर्फे. पोटातलं बाळ कसं वाढतं याची फिल्म. आम्ही बाळाच्या आणि आईच्या बाजूने आहोत. काही प्रसंग मनाला लागू शकतात, मध्येच उठून गेलात तरी चालेल." शेवटचं वाक्य गाळू नका.

पायरी ३: फिल्म निवडणं आणि आठवडे जुळवणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थांबून वाचा.

कापलेल्या, रक्ताळलेल्या गर्भांची चित्रं असलेली फिल्म घेऊ नका. ती बघून माणूस डोळे मिटून घेतो, आणि ज्या बाईचा गर्भपात झालाय तिच्या मनाचं दार कायमचं बंद होतं. वाढ दाखवणारी फिल्म घ्या, वीस ते तीस मिनिटांची. गर्भाशयातली प्रत्यक्ष छायाचित्रं कोणती, सोनोग्राफी कोणती आणि कॉम्प्युटरवर काढलेलं काय, हे ओळखून ठेवा. कुणीतरी "हे खरं आहे का?" असं विचारतंच. पोस्टरवर सर्रास दिसणाऱ्या जुन्या प्रसिद्ध फोटोंबद्दलही माहीत असू द्या: १९६५ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात आलेल्या लेनार्ट निल्सन यांच्या फोटोंतले बरेचसे गर्भ गर्भाशयाबाहेरचे, गर्भपातानंतरचे होते. "हे बघा पोटातलं जिवंत बाळ" म्हणून तो फोटो दाखवलात आणि सभेत एखादी नर्स बसली असेल, तर पुढचं काहीच कुणी मानणार नाही.

आता आठवडे. आपल्या बायका महिने मोजतात: "तिसरा लागला", "पाचवा सरला". डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. फिल्ममधला निवेदक मात्र बऱ्याचदा गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतो. या दोन मोजण्यांत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. फिल्म "आठव्या आठवड्यात" म्हणते, ऐकणारी बाई स्वतःचा सोनोग्राफीचा कागद आठवते, आणि दोन्ही जुळत नाहीत. मग तिला वाटतं यांनी वाढवून सांगितलं, किंवा आपल्या बाळात काहीतरी कमी आहे.

उपाय सोपा आहे. फिल्म दोनदा बघा, निवेदक कुठल्या हिशेबाने मोजतो ते ठरवा आणि सगळे आकडे डॉक्टरांच्या हिशेबात, म्हणजे पाळीपासूनच्या आठवड्यांत बदलून कागदावर मांडा. आमच्या कागदावर ढोबळपणे हे आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गर्भधारणा. सुरुवात एका पेशीपासून, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या. आईबापांकडून आलेली ४६ गुणसूत्रं तिच्यात असतात.

पाळी चुकते तेव्हा, चार आठवड्यांच्या सुमारास, गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजलेला असतो.

पाचव्या आठवड्यानंतर नळीसारखं असलेलं हृदय हलू लागतं. सहाव्याच्या सुमारास ते सोनोग्राफीत दिसू शकतं. मेंदू आणि मणका ज्यापासून बनतात ती नळीही याच सुमारास बंद होते. म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. लग्न ठरलेल्या मुलींना हे इथेच सांगा.

दहा आठवडे पुरे होताना डोक्यापासून बुडापर्यंत लांबी साधारण ३ सेंटिमीटर. मुख्य अवयवांचा पाया घातला गेलेला असतो. हातापायांची बोटं सुटी झालेली असतात.

बाराव्या आठवड्यात साधारण साडेपाच सेंटिमीटर. बाळ हलत असतं, पण आईला ते कळत नाही. पहिलटकरणीला हालचाल कळते ती साधारण १८ ते २० आठवड्यांना, दुसऱ्या खेपेला थोडी लवकर.

चोवीसच्या सुमारास जन्मलेलं बाळ नवजात अतिदक्षता विभागात जगू शकतं, पण फुप्फुसं अजून कच्ची असतात आणि धोका मोठा असतो.

हा कागद तुमच्या वहीतल्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी तपासलेलीच प्रत वापरा.

इशारा: सोनोग्राफीतला धडधड आवाज मशीन हालचालीवरून तयार करतं. "बाळाच्या हृदयाची हालचाल मशीन आपल्याला अशी ऐकवतं" असं म्हणा. हे वाक्य खरं आहे आणि त्याने मनही तेवढंच हलतं.

इशारा: बाळाला वेदना कधीपासून होतात यावर ठाम आकडा सांगू नका. मोठ्या वैद्यकीय संस्था २४ आठवड्यांपूर्वी ते शक्य मानत नाहीत, काही संशोधक त्याआधीची शक्यता मांडतात. विचारलं तर दोन्ही बाजू सांगा. बाळाचं मोल त्याला दुखतं की नाही यावर ठरतं असं आपण मानतच नाही, मग त्या आकड्यावर सगळा डाव का लावायचा?

याला जोडूनच एक गोष्ट. फिल्म बाळ कसं वाढतं ते दाखवते. त्या बाळाला जगू द्यावं, हे आपलं म्हणणं आहे, आपली श्रद्धा आहे. ते वेगळ्या वाक्यात, स्वतःच्या तोंडाने, "आम्ही असं मानतो" म्हणून सांगा. विज्ञानाच्या तोंडी आपली श्रद्धा घातली की दोन्ही डळमळतात.

परवानगीचंही बघा. घरी मोबाईलवर बघता येते म्हणून फिल्म हॉलमध्ये दाखवता येतेच असं नाही. निर्मात्याला मेल करून सार्वजनिक प्रदर्शनाची आणि मराठी निवेदनाची लेखी परवानगी मागा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हा मेल पहिल्याच आठवड्यात जायला हवा.

पायरी ४: मराठी निवेदन

या फिल्म बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी अक्षरं खाली चालवण्यापेक्षा आवाज बंद करून माणसाने बोलणं चांगलं, कारण मागच्या रांगेतल्या आजींना अक्षरं दिसत नाहीत. निवेदन लिहून काढा, शेजारी मिनिट-सेकंद टाका आणि तीनदा सराव करा. आवाज बाईचा असावा, शक्यतो आई झालेल्या. प्रवचनाचा सूर नको. वाड्यातल्या विहिरीपाशी बोलावं तसं बोला.

शब्द आपलेच वापरा: वार, नाळ, गर्भजल, पिशवी. "प्लासेंटा" म्हटलं की निम्मा हॉल सुटतो. "पोटातलं बाळ" म्हणायला हरकत नाही, बायका पहिल्या महिन्यापासून तेच म्हणतात. पण सभेत डॉक्टर किंवा विद्यार्थी असतील तर एकदा सांगा की वैद्यकीय भाषेत सुरुवातीच्या टप्प्याला भ्रूण म्हणतात. लपवल्यासारखं वाटायला नको.

जे शब्द काढून टाकायचे ते असे: खून, हत्यारी आई, पाप करणाऱ्या. आणखी एक शब्द लक्षात येत नाही, तो म्हणजे "परिपूर्ण". "बघा किती परिपूर्ण बाळ!" असं म्हणताना समोर व्हीलचेअरवर कुणाचंतरी मूल बसलेलं असतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. आमच्या पहिल्या निवेदनात एक वाक्य होतं, मीच लिहिलेलं: "आईने जपलं की बाळ वाढतं." बोलायला गोड. पावसाळ्यातला रविवार होता. तिसऱ्या रांगेतली एक बाई या वाक्यापाशी उठली आणि चपला हातात घेऊन बाहेर गेली. तिची छत्री खुर्चीला टांगलेली राहिली, निळी, एक काडी वाकलेली. दुसऱ्या दिवशी मी छत्री द्यायला गेले. तिने चहा ठेवला, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "पाचव्यात गेलं गं माझं. मी काय जपलं नव्हतं?" माहीत असलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते वीस टक्के आपोआप संपतात, आणि बहुतेक वेळा आईच्या हातून काही चुकलेलं नसतं. चाळीस बायकांच्या हॉलमध्ये अशा कितीजणी बसल्या असतील याचा हिशेब मी केलाच नव्हता. ते वाक्य त्याच रात्री खोडलं. त्या जागी आता आहे: "काही बाळं आपल्या हातात येण्याआधीच जातात. त्यात आईचा दोष नसतो. ती बाळंही आपलीच."

तपासणी: निवेदन तिघींना वाचायला द्या. एक गर्भ गमावलेली, एक मूल न झालेली, एक अपंग मुलाची आई. त्या जिथे अडखळतील ती ओळ बदला.

पायरी ५: हॉल आणि यंत्रं

फिल्म पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर अशी दोन ठिकाणी ठेवा, इंटरनेटवर विसंबू नका. मराठी अक्षरं जोडली असतील तर ती टीव्हीवर चौकोन होऊन दिसतात. म्हणून पेनड्राइव्ह थेट टीव्हीला न लावता लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये चालवा. सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) हॉलमध्ये ऊन येतं, खिडक्यांना जाड चादरी बांधा. पावसाळ्यात पत्र्याखाली कार्यक्रम ठेवू नका, एक शब्द ऐकू येत नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर किती वेळ चालतो, ते आदल्या दिवशी मोजा.

बाहेर पडायचा दरवाजा मागे हवा. पडद्याशेजारचा दरवाजा असेल तर उठणाऱ्या बाईला सगळ्यांसमोरून जावं लागतं, म्हणून ती उठतच नाही आणि आतल्या आत कोंडते. मागच्या दाराबाहेर दोन खुर्च्या, पाण्याची बाटली आणि गटातली एक शांत बाई ठेवा.

मदतीचा नंबर छापलेली चिठ्ठी बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा, खाली फाडून नेता येतील अशा पट्ट्या कापून. टेबलावर ठेवलेला कागद शेजारणीच्या देखत कुणी उचलत नाही. आमच्याकडे टेबलावरचे कागद जसेच्या तसे परत येतात, बाथरूममधल्या पट्ट्या संपतात.

इशारा: परदेशात असे गट सभेत गरोदर बाईची प्रत्यक्ष सोनोग्राफी करून दाखवतात. ते व्हिडिओ बघून इथे कुणी तसा विचार करत असेल तर आताच थांबा. आपल्याकडे १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याप्रमाणे मशीन नोंदणी झालेल्या केंद्राबाहेर वापरता येत नाही. फिल्ममध्ये मुलगा की मुलगी हे दाखवणारा तुकडा असेल तर तोही गाळा.

पायरी ६: त्या दिवशीचा क्रम

सगळं मिळून सव्वा तास. त्याहून लांबवू नका.

पहिली सात मिनिटं ओळख. आपण कोण, फिल्म किती वेळाची, मध्ये उठायची मोकळीक, आणि मदतीचा नंबर. नंबर इथेच सांगा, शेवटी नाही, कारण जिला त्याची खरी गरज आहे ती बहुधा शेवटपर्यंत थांबत नाही. "हा नंबर गरोदर बाईसाठी आहे, जिचा गर्भ गेला तिच्यासाठी आहे, आणि जिने गर्भपात केला तिच्यासाठीही आहे." तिन्ही नावं घ्या.

मग फिल्म, तीन तुकड्यांत: सुरुवातीपासून दहा आठवडे, तिथून चोवीस, तिथून जन्म. प्रत्येक तुकड्यानंतर दिवे न लावता मिनिटभर थांबा. कुणी बोललं तर बोलू द्या. आमच्याकडे दुसऱ्या तुकड्यानंतर बायका आपापलं सांगू लागतात: कुणाला डोहाळे कसले लागले, कुणाचं बाळ बँडच्या आवाजाने उसळलं. त्या गप्पा कापू नका.

फिल्म संपल्यावर दोन मिनिटं शांतता. गाणं लावू नका. रडवण्यासाठी संगीत लावलं की लोक रडतात, आणि घरी जाऊन आपल्याला रडवलं म्हणून चिडतात.

मग एकच माणूस दहा मिनिटं बोलेल: आम्ही काय मानतो आणि कोणती मदत करू शकतो. यातली सात मिनिटं मदतीवर गेली पाहिजेत. फादर बोलणार असतील तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला सांगा. गर्भपाताच्या पापाची क्षमा फक्त बिशप देऊ शकतात असं अजून पुष्कळ घरांत समजलं जातं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ती मुभा सगळ्या धर्मगुरूंना कायमची दिली. हे ऐकून वीस वर्षांनी कबुलीला गेलेल्या बायका आहेत. सर्वधर्मीय गटात मात्र हे नको. तिथे धर्माची गोष्ट आणूच नका.

त्यानंतर प्रश्न, मग चहा. चहा टाळू नका. कपबशी हातात असली की बाई शेजारी येऊन उभी राहू शकते आणि कुणाला संशय येत नाही.

पायरी ७: हमखास येणारे प्रश्न

प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवा. सगळ्यांना कोरी चिठ्ठी आणि पेन द्या आणि सगळ्यांना काहीतरी लिहायला सांगा, प्रश्न नसेल तर "नाही" एवढंच. नाहीतर लिहिणारी एकटी पडते.

"कायद्याने चालतं ना?" चालतं, ते लपवू नका. १९७१ चा कायदा, २०२१ मध्ये बदललेला: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० ते २४ ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांच्या मताने, त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. बेकायदा आहे असं खोटं सांगून भीती घातली की घाबरलेली मुलगी मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जात नाही. ती चोरून गोळ्या घेते.

"मुलगा की मुलगी कधी कळतं?" ते बापाच्या बीजावरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. जन्माआधी विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा. एवढं बोलून पुढे चला.

"बलात्कार झाला असेल तर?" "बाळात दोष निघाला तर?" इथे आपली भूमिका थोडक्यात सांगा आणि वाद घालू नका. विचारणारी कदाचित स्वतःबद्दल विचारत असेल. "ताई, चहाच्या वेळी मी तुमच्याजवळ येते" असं म्हणा, आणि खरंच जा.

सभेत कुणी जोरात विरोध केला तर त्याला बोलू द्या, धन्यवाद म्हणा, पुढची चिठ्ठी उघडा. वाद जिंकताना मागच्या रांगेतली मुलगी तुमचा आवाज ऐकत असते. उद्या फोन करायचा का, हे ती त्या आवाजावरून ठरवते.

पायरी ८: पुढचे तीन आठवडे

फोन लगेच येत नाही. आमचा अनुभव तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा आहे, आणि बहुतेक मिस्ड कॉल. परत लावताना आधी एवढंच बोला: "तुम्ही फोन केला होता का?" पलीकडे नवरा किंवा सासू असू शकते. चर्चचं नाव, फिल्मचं नाव घेऊ नका. फोन धरणाऱ्या दोघीच असाव्यात आणि त्यांचे दिवस ठरलेले असावेत.

फोनवर पहिली दहा मिनिटं ऐका. किती आठवडे झाले, घरी कोण आहे, कुणी मारतं का, दुखतंय का, एवढं कळलं की पुरे. निर्णय तिच्याकडून फोनवर वदवून घेऊ नका. उद्या डॉक्टरकडे सोबत कोण जाणार, हे ठरवून फोन ठेवा. तिने शेवटी गर्भपात केला तरी फोन बंद करायचा नाही. दोन आठवड्यांनी तब्येत विचारा. गटात यावर मतभेद होतात, आमच्याकडेही झाले. मी माझं मत सोडलं नाही.

नावं, पत्ते वहीत लिहू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका मुलीसाठी प्रार्थना करा, अमुक वाडीतली" असं टाकलंत तर संध्याकाळपर्यंत ती कोण हे गावाला कळेल. नोंद एवढीच ठेवा: तारीख, कितवा आठवडा, कोणती मदत लागली, पैसे किती खर्च झाले.

महिना उलटला की गट बसवा आणि दोन गोष्टी बघा. निवेदनातल्या कोणत्या ओळीला कोण उठून गेलं, आणि वहीतली कोणती मदत मागितली गेली पण देता आली नाही. मागच्या खेपेला आमच्याकडे रात्रीच्या रिक्षाची सोय नव्हती. आता दोन रिक्षावाल्यांचे नंबर पहिल्या पानावर आहेत, त्यांतला एक भाडं घेत नाही.